सोळा ओमचे मामा

जगातली कुठलीही वस्तू विकत न घेता तिची संपूर्ण खरेदी कशी करावी, हे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मामांकडून शिकावं. मी स्वतः संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात भांडार विभाग सांभाळते. खिळ्यापासून क्रेनपर्यंत काहीही मागवायचं असो, तीन दरपत्रकं, एक तुलनात्मक तक्ता आणि एक सही, एवढ्यात माझं काम होतं. आजवरच्या नोकरीत मी सरकारला जे जे घेऊन दिलं, त्यातल्या एकाही वस्तूला मामांच्या स्पीकरइतका खल करावा लागला नाही, आणि त्या वस्तूंमध्ये एक लोखंडी पूलही होता.

मामा माझे मामा नव्हेत. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत साठी ओलांडलेला कुठलाही शेजारी मामा असतो आणि त्याची बायको मामी. मला ही पद्धत पटली, कारण नावं पाठ करावी लागत नाहीत. हे मामा तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आले ते तेव्हाची मराठी सोबत घेऊन आले आणि नंतर नवा साठा मागवलाच नाही. त्यामुळे मामा अजून ‘मजला’ आणि ‘तुम्हांस’ म्हणतात, आणि जिथे जुना माल संपतो तिथे तमिळ लावून वेळ मारून नेतात. मी नाशिकची. पहिल्या दिवशी ते दारात येऊन बोलायला लागले, तेव्हा एखादी बखर लुंगी नेसून समोर उभी राहिल्यासारखं वाटलं. माझ्या हातातली वाणसामानाची यादी बघून त्यांनी मला त्याच दिवशी ‘लिस्ट-अम्मा’ हे नाव ठेवलं, आणि आता इमारतीचा वॉचमनही मला त्याच नावाने हाक मारतो.

आमचा एक बँड आहे. हे वाक्य मी ऑफिसात उच्चारत नाही, इथे लिहिते आहे. बँडमध्ये माणसं चार. गिटारवर मामा, ज्यांनी उभं आयुष्य दिवसा बँकेत आणि संध्याकाळी लग्नांच्या रिसेप्शनमध्ये काढलं. ड्रमवर एक कोल्हापूरकर, जो गुम्मिडिपूंडीला पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि सहा दिवस पगारासाठी जे ऐकतो तेच सातव्या दिवशी हौसेने करतो. गायला आयटीतली एक मुलगी. जन्माने मराठी, शाळेने तमिळ आणि रागावली की इंग्रजी. कीबोर्डवर मी, शिवाय गाण्यांची यादी, सरावाचं वेळापत्रक आणि कोण किती मिनिटं उशिरा आलं याची वहीही माझीच. दर रविवारी सकाळी दहाला गच्चीवरच्या खोलीत सराव. समोर बॅचलर लोकांचं मॅन्शन, म्हणजे भाड्याच्या खोल्यांची इमारत आहे. त्याच्या खिडक्यांतून बनियनवर दात घासणारा श्रोतृवर्ग आमच्याकडे बघत असतो. गाणं बरं झालं तर ते दात घासत राहतात, नाही झालं तर खिडकी लावून घेतात. इतकी प्रामाणिक समीक्षा मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

मामांची समीक्षा मात्र समजायला मला पंधरा दिवस लागले. पहिल्या सरावाआधी मी महिनाभर घरी घोटून एक गाणं बसवलं होतं. वाजवून झाल्यावर भीत भीत विचारलं, “मामा, कसं वाटलं?” मामा शांतपणे म्हणाले, “पर्वा नाहीं.” आता नाशिकमध्ये कुणी असं म्हणालं तर त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो ऐकून माणसं उठून जातात. मीही उठून गेले. पुढच्या रविवारी ड्रमरलाही तेच उत्तर मिळालं, तेव्हा त्याने काठ्या खाली ठेवून बाह्या वर केल्या. शेवटी गाणाऱ्या मुलीने हसत हसत खुलासा केला, की तमिळमध्ये ‘परवायिल्लै’ म्हणजे ‘चांगलं आहे हो, काही वाईट नाही’. मामा ते शब्दाला शब्द लावून मराठीत आणत होते आणि आमच्यापर्यंत शिवी पोहोचत होती. पुढे कळलं, की मामांच्या दुकानात याच्या वरची स्तुती मिळतच नाही. मामी सांगतात, “मजला पाहायला आले तेव्हांही हेंच म्हणाले. माझ्या बापाने लाडू वाटले.”

या मामांचं सगळं वैभव म्हणजे त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर. पेरांबूरचा एक अँग्लो-इंडियन गिटारवाला ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला, तेव्हा त्याच्याकडून घेतलेला. काचेच्या दिव्यांवर चालणारा, एका माणसाने उचलू नये इतका जड, आणि समोर बारा इंची स्पीकर. मामा त्याला ‘पेटी’ म्हणतात. या पेटीच्या आवाजाबद्दल त्यांचा स्वतंत्र शब्दकोश आहे. तारेचा जो बारीक, चमकता, वरचा आवाज असतो तो ‘उजेड’. खालचा जाडा आवाज ‘सावली’. उजेड आणि सावली जिथे बरोबर भेटतात तो चांगला स्पीकर, बाकीचे कपाटाला टेकू म्हणून लावावेत. हे सगळं त्यांनी मला दर रविवारी इतकं ऐकवलं, की मी नको नको म्हणत असताना मला ते ऐकू यायला लागलं. एकदा आम्ही कुठल्याशा रिसेप्शनला गेलो होतो. तिथे एक म्हातारा व्हायोलिनवाला सुराच्या पार बाजूने चालला होता आणि त्याला पत्ता नव्हता. मामा माझ्याकडे वाकून म्हणाले, “लिस्ट-अम्मा, ज्या दिवशीं मजला उजेड ऐकूं येणार नाहीं, त्या दिवशीं ही पेटी मरीनाच्या समुद्रांत टाकीन. हें तुमच्या वहींत लिहून ठेवा.” मी लिहून ठेवलं. मी सगळंच लिहून ठेवते.

तर गेल्या नोव्हेंबरात, ऐन सरावात, मामांनी एक मोठा कॉर्ड मारला आणि पेटीतून ओला पापड फाडल्यासारखा आवाज आला. खारी हवा खाऊन खाऊन स्पीकरचा कागद गेला होता, तो मधोमध फाटला. समोरच्या चार खिडक्या एकदम बंद झाल्या. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या स्नेहसंमेलनात आमचा कार्यक्रम ठरलेला होता, म्हणून मी मंडळाच्या अध्यक्षांना कळवलं, की मामांची पेटी फाटली आहे. मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे. त्यांनी त्याच संध्याकाळी रिक्षाने मंडळाची हार्मोनियम पाठवून दिली, वर चिठ्ठी: ‘भाता नवा आहे, जपून वापरावी.’ मामांनी ती उघडली, दोन सूर दाबले आणि चिठ्ठीच्या मागे आभारादाखल ‘पर्वा नाही’ असं लिहून परत पाठवली. त्यानंतर अध्यक्षांचा सूर बदलला. संक्रांतीपर्यंत गिटार दुरुस्त नसेल तर कार्यक्रमात भावगीतं ठेवू आणि गिटार वगळू, असा निरोप आला. मामांनी वाजवलं नाही असं स्टेज मागच्या चाळीस वर्षांत झालं नव्हतं. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजाराकडे, रिची स्ट्रीटकडे निघाले.

रिची स्ट्रीट आमच्यापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, हे त्या गल्लीचं दुर्दैव. पहिल्या भेटीत दुकानदाराने मामांना स्टूल दिलं आणि कॉफी मागवली. दुसऱ्या भेटीत नुसतं स्टूल. चौथ्या भेटीत मामा दिसताच त्याने दुकानातला दिवा मालवला. मामा गिटार घेऊन जायचे, एकेक स्पीकर जोडायला लावायचे, कागदावर टिचकी मारायचे, बोट फिरवायचे, वासही घ्यायचे, आणि शेवटी म्हणायचे, “ह्यांत उजेड नाहीं.” पेटीच्या पाठीवर विजेच्या अडथळ्याचं माप ‘सोळा ओम’ असं लिहिलं होतं आणि बाजारात बहुतेक माल आठ ओमचा. मामा सोळावर अडून बसले. हे मी फोनवर बोलत असताना नाशिकला सासूबाईंच्या कानावर पडलं, आणि त्यांनी सगळ्या गल्लीत सांगितलं, की सूनबाईंनी मद्रासकडे सोळा ओमचं व्रत धरलंय. सोळा सोमवारांपेक्षा कडक. उद्यापनाला काय करतात, असं विचारायला दोन बायका येऊनही गेल्या.

माझ्या रीतीप्रमाणे मी तुलनात्मक तक्ता केला. स्तंभ आखले: ओम, वजन, लोहचुंबकाचा प्रकार, मामांचा शेरा. शेऱ्याच्या स्तंभात वरपासून खालपर्यंत एकच मजकूर आला. तोवर मामा इंटरनेटवरच्या जगभरच्या गिटारवाल्यांशी पहाटे उठून भांडायला लागले होते. फिनलंडच्या एका गृहस्थाने कुठल्याशा स्पीकरला ‘तेजस्वी’ म्हटलं, तर मामांनी त्याला कळवलं, की तुमच्याकडे सहा महिने सूर्य नसतो, तुम्हांस तेज काय कळणार. गाणाऱ्या मुलीने सुचवलं, “मामा, एक छोटा डिजिटल बॉक्स मिळतो. फोनवरून सिलेक्ट केलं की सगळ्या अ‍ॅम्पचे आवाज येतात.” मामांनी तिला प्रेमाने विचारलं, की तुझ्या लग्नात नवराही फोनवरूनच आणणार का. शिवाय हल्ली त्यांचं तिच्याविषयी एक गाऱ्हाणं होतं, की मुलगी शब्द खाते. तिचे ‘स’ आणि ‘श’ पोहोचतच नाहीत.

गाऱ्हाण्यांचं म्हणाल तर त्या वर्षी मामांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पूर्वी जेवायला बसले की ते अप्पळम, म्हणजे आपला उडदाचा पापड, आधी कानाशी धरून मोडायचे आणि उजेड आहे की नाही ते जाहीर करायचे. हल्ली ते कुठल्याही पंगतीत पापड मोडून बाजूला ठेवायचे. सगळ्या चेन्नईचे अप्पळम सादळलेत, उडीद चांगला येत नाही, समुद्र जवळ आलाय, अशी कारणं द्यायचे. मामींच्या कुकरची शिट्टी बाद झाली होती. समोरच्या कडुलिंबावरची कोकिळा कुठे गेली कोण जाणे. मी हेही लिहून ठेवत होते, कारण बिघडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणं ही माझी खोड आहे.

संक्रांतीला नऊ दिवस उरले तेव्हा मी प्रकरण ताब्यात घेतलं. रिची स्ट्रीटच्या दुकानदाराला लेखी हमी देऊन तीन स्पीकर चार दिवसांपुरते आणले. मामा पुन्हा येणार नाहीत, एवढ्याच अटीवर त्याने ते दिले. गच्चीवरच्या खोलीत एक जुनी चादर बांधली, चादरीमागे ड्रमरला स्पीकर बदलायला बसवलं आणि मामांना अलीकडे. आमच्या विभागात तपासनिसाची तपासणी करण्याची एक रीत आहे: त्याला न सांगता एकच नमुना दोनदा ठेवायचा. त्याप्रमाणे पहिला आणि चौथा स्पीकर मी एकच ठेवला. मामांनी चौथ्यावर दोन स्वर वाजवले आणि म्हणाले, “हा पहिलाच आहे, अम्मा. मजला परीक्षा घेतां कां?” मी मनातून हात जोडले. पण त्याआधी दुसऱ्या नंबरला जे झालं होतं, ते मला सोडवत नव्हतं. दुसरा स्पीकर इतका कर्कश होता की पाण्याच्या टाकीवरचे सगळे कावळे उडाले, मुलीने कानांत बोटं घातली आणि समोरच्या मॅन्शनची एकूण एक खिडकी लागली. मामांनी आवाजाची वरची खुंटी शेवटपर्यंत पिळली, डोळे मिटले आणि म्हणाले, “ह्यांत थोडासा उजेड आहे.”

सराव संपल्यावर ड्रमरने मला जिन्यात गाठलं. तो एरवी इतका मोठ्याने बोलतो की गुम्मिडिपूंडीपर्यंत ऐकू जावं. त्या दिवशी हळू बोलला. “ताई, आमच्या कारखान्यात दरवर्षी कान तपासत्यात. आमचा जुना फोरमन असाच होता. बारीक आवाज आधी जातोय. पाखरं जात्यात, शिट्टी जाती. माणूस म्हणतो, पाखरंच राहिली न्हाईत आता.”

मी घरी येऊन वही उघडली. पापड, कुकरची शिट्टी, कोकिळा, मुलीचे ‘स’ आणि ‘श’, आणि रिची स्ट्रीटवरचा प्रत्येक स्पीकर. वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळ्या तारखांना केलेल्या नोंदी एका पानावर आणल्या, आणि शेजारी कारणाचा स्तंभ आखला. त्या स्तंभात एकच शब्द बसत होता. आयुष्यात एवढी नीट जुळलेली यादी माझ्या हातून झाली नव्हती, आणि पहिल्यांदाच मला वाटलं, कुठेतरी चूक निघावी. मामांना सांगितलं तर पेटी समुद्रात. ते त्यांनीच लिहून घ्यायला लावलं होतं. नाही सांगितलं तर ते दुसरा नंबर बसवणार, आणि संक्रांतीला तिळगूळ घ्यायला हॉलमध्ये कुणी उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दे काढूनच वर गेले. मुद्दा एक, वयोमानाने असं होतं. मुद्दा दोन, डॉक्टर. मुद्दा तीन अजून सुचायचा होता. दारात मामींना हळूच विचारलं, हल्ली मामांना ऐकायला कमी येतं का. मामी म्हणाल्या, “चाळीस वर्षें झालीं, माझें तर कधींच ऐकूं आलें नाहीं. नवें काय झालें असेल तर मजला कसें कळावें?” आणि आत जाऊन त्यांनी कॉफी आणि तळलेले अप्पळम आणून ठेवले.

मामांनी माझ्या हातातली वही पाहिली. मग ताटलीतला एक पापड उचलून स्वतःच्या कानाशी मोडला. दुसरा उचलला, माझ्या कानाशी धरला आणि मोडला.

“आवाज आहे?”

“आहे,” मी म्हणाले.

“कुरकुरीत?”

“हो.”

मामांनी दोन्ही पापडांचे तुकडे ताटलीत नीट जुळवून ठेवले. “एका शहरांतले सगळे स्पीकर एकदम कसे बिघडतील, एवढें मजला कळत नाहीं असें वाटलें कां तुम्हांस? मी म्हटलें, एखाद्यांत तरी असेल. म्हणून जात होतों.”

मी वही मिटली. त्या दुकानदाराचा मालवलेला दिवा, स्टूल, फिनलंड, सोळा ओम, सगळं माझ्या डोळ्यांपुढून एकदा गेलं, आणि मी दोन महिने ज्याला चोखंदळपणा म्हणून हसत होते त्याचं नाव मला तक्त्यात कुठे घालावं ते कळेना. शेवटी विचारण्यासारखं एकच होतं. “मग पेटी समुद्रात?”

“ऑटोवाल्यास विचारलें,” मामा म्हणाले. “वाळूंत गाडी घालणार नाहीं म्हणतो.” मग त्यांनी कॉफी माझ्याकडे सरकवली. “अम्मा, स्पीकर तुम्ही निवडा. तुमचे कान मीच तयार केले आहेत. माल घरचा आहे.”

मी निवडला. तीन दरपत्रकं नाहीत, तक्ता नाही, सही नाही. चादर काढून टाकून एका बैठकीत तिन्ही स्पीकर ऐकले आणि तिसरा घेतला, कारण त्यात उजेड आणि सावली जिथे भेटतात ती जागा मला ऐकू आली. तो आठ ओमचा होता. पेटीच्या पाठीमागची खुंटी आठवर वळवता येते, हे मामांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असं त्यांनी आता कबूल केलं. सोळाचा हट्ट होता तोवर निवड लांबत होती, एवढंच. वरच्या आवाजाची खुंटी मी बरोबर मध्यावर आणली आणि तिच्यावर भांडार विभागात लावतो तशी लाखेची मोहोर केली, कारण मामांवर माझा विश्वास असला तरी मामांच्या बोटांवर नाही. डॉक्टरांचं त्यांनी ‘पोंगलनंतर’ असं सांगितलं. ती नोंद वहीत आहे. पुढे खूण व्हायची आहे.

संक्रांतीला हॉल भरला होता. अध्यक्षांनी आमची ओळख करून देताना गिटारचा उल्लेख टाळला आणि गोड बोलण्याचं महत्त्व सांगितलं. मामांचा तुकडा आला तेव्हा ते गिटारकडे बघत नव्हते, लोकांकडेही नाही. ते सबंध वेळ माझ्याकडे बघत होते, आणि मी फक्त मान हलवत होते: इथे थोडं कमी, इथे असू द्या. तुकडा संपला, त्यांनी भुवया वर केल्या. माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते. मी आवाज न करता, ओठ मोठे करून, म्हणाले, “पर्वा नाही.” लाडू वाटताना मामींच्या वडिलांचा झाला असेल तसा मामांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. पहिल्या रांगेतल्या अध्यक्षांनीही माझे ओठ वाचले असावेत, कारण तिळगूळ देताना त्यांनी मला एकच वडी दिली.

नंतर पंगत बसली. मामा माझ्या शेजारी. पानात पापड पडला, आणि सवयीने त्यांचा हात कानाकडे गेला, अर्ध्यावर थांबला, खाली आला. मी माझा पापड उचलला आणि कानाजवळ मोडला.

“मामा, उजेड आहे.”

“मग पर्वा नाहीं,” मामा म्हणाले, आणि पापड खायला लागले. ते तमिळमधून म्हणाले की मराठीतून, ते मी विचारलं नाही.